बाह्या काढलेला कोट

"अंगावर धातूचं जे जे असेल ते काढून ट्रेमध्ये ठेवा," एक्स-रेबाई रोजच्या सुरात म्हणाल्या आणि मग त्यांनी मान वर केली.

दारात उभी असलेली तरुणी जवळजवळ सगळीच धातूची होती. डोक्यावर उंच टोपी, टोपीवर जाड काचांचा पितळी चष्मा, गळ्यात साखळ्या, साखळ्यांना लटकलेली घड्याळाची आतली यंत्रे, डाव्या खांद्यावर चामड्याचे चिलखत आणि त्यावर दातेरी चाके. उजवा खांदा तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. चेहरा वेदनेने उतरला होता, तरी डोळ्यांत कुठेतरी हसू होते.

"सगळं काढू?"

"सगळं."

"मग तुमची दुपार गेली म्हणून समजा, ताई."

कुठल्याशा जुन्या इमारतीच्या जिन्यावर फोटो काढून घेताना तिचा पाय सटकला होता. उजवा हात उचलता येत नव्हता, त्यामुळे हे सगळे उतरवण्याचे काम बाईंकडेच आले. एकेक वस्तू ट्रेमध्ये पडताना ठण्‌ठण्‌ वाजत होती. साखळ्या झाल्या, चिलखत झाले, मग पट्टा. आता संपले असे वाटले तोच जाकिटाच्या शिवणीत पोलादी पट्ट्या हाताला लागल्या. बाहेरच्या बाकावर ताटकळलेला एक गृहस्थ दोनदा डोकावून गेला.

"नाटकात काम करता का?" बाईंनी विचारले.

"छे हो. बेकरी आहे माझी."

"बेकरीत हे घालून बसता?"

ती हसली आणि खांदा दुखला म्हणून कळवळली. मग तिने सांगितले. समजा, पेट्रोल आलेच नाही. वीजही घराघरात पोचली नाही. जग वाफेवरच चालत राहिले. वाफेच्या गाड्या, वाफेची विमाने, केस वाळवायचे यंत्रसुद्धा वाफेचे. तर त्या जगातली माणसे काय घालतील? "तसले कपडे आम्ही शिवतो. स्टीमपंक म्हणतात याला."

"आणि घालून काय करता?"

"काही नाही. वर्षातून एकदा सगळे जमतो. एकमेकांची चाकं बघतो आणि चहा पितो."

बाईंना हसू फुटले. एक्स-रेच्या खोलीत त्या फारशा हसत नसत. माणसे दुखणे घेऊन येत, काचेच्या पलीकडून बाईंचा आवाज ऐकत आणि निघून जात. आवाज लक्षात राही, चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे.

पहिला एक्स-रे वाया गेला. खांद्याच्या हाडाच्या बरोबर वर एक छोटेसे दातेरी चाक पडद्यावर लख्ख उमटले होते. कॉलरच्या आत अडकलेले ते चाक बाईंनी चिमटीने काढले आणि दुसरा घेतला.

"मोडलंय का?"

"ते डॉक्टर सांगतील," बाई म्हणाल्या. नियमच तसा होता. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "पण आत्तापासून तोंड पाडून बसायचं कारण नाही."

हाताला झोळी बांधून ती तरुणी परत आली ती ट्रेमधले सामान न्यायला. बाईंनी सगळे नीट पुडक्यात भरून ठेवले होते. मोठी वस्तू खाली, लहान वर, चष्मा वेगळा कापसात.

"ताई, तुम्ही या ना पुढच्या वेळी. गावाबाहेर जुनं पंपघर आहे ना, पाणी उपसायचं? तिथलं वाफेचं इंजिन त्या दिवशी पेटवतात. आमचा सगळा मेळा तिथेच भरतो."

"मी? या वयात?"

"आमच्यातला सगळ्यात म्हातारा कॅप्टन पंच्याहत्तरीचा आहे. आणि विकत काही आणायचं नसतं हं. घरात असेल त्यातूनच सुरुवात करायची. एखादा जुना कोट असेलच की तुमच्याकडे."

कोट होता.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर पोचले की रेडिओ ऐकू यायला लागे. सासऱ्यांना कमी ऐकू येई, आणि त्यांच्या बातम्या अख्ख्या जिन्याला ऐकाव्या लागत. नवरा जाऊन तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून त्या घरात दोघेच, सून आणि सासरा. नणंद दुसऱ्या गावी होती. तिचे घर बैठे होते, पुढे अंगण होते.

"आज एक मुलगी आली होती बाबा, अख्खी पितळेची," जेवताना बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी रेडिओ बारीक केला. "मग? हाड?"

"शाबूत."

"मग झालं तर." रेडिओ पुन्हा मोठा झाला. बाईंचा दिवस ते असाच विचारत. हाड शाबूत असले की त्यांना बाकीच्या गोष्टीत रस नसे.

जेवणे झाल्यावर बाईंनी कपाट उघडले. डांबराच्या गोळ्यांचा वास भस्सकन नाकात शिरला. कोट उजवीकडे टोकाला होता. जाड लोकरीचा, गडद तपकिरी, रुंद कॉलरचा, शिंगाच्या बटणांचा. नवऱ्याला विमा कचेरीत पहिली नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी स्वतः शिंप्याकडे उभे राहून शिवून घेतलेला. पुढे किती कोट आले आणि गेले, हा टिकला. बाई अधूनमधून त्याला हात लावून बघत. गोळ्या विरल्या की नव्या टाकत. गोळ्या आपण टाकल्या त्याहून नेहमी जास्तच दिसत. आपलं विसरायचं वय झालं, असे त्या मनाशी म्हणत.

त्या दिवशी त्यांनी कोट पहिल्यांदाच बाहेर काढला आणि अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खांदे दोन्हीकडून ओघळत होते. आरशातली बाई दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखी दिसत होती. पण तो रंग! गेल्या काही वर्षांत त्यांच्या कपड्यांचे रंग आपोआप फिकट होत गेले होते. कुणी सांगितले नव्हते, कुणी अडवलेही नव्हते. नोकरीवर पांढरा डगला आणि घरी कसलेतरी राखाडी. त्या तपकिरीपुढे त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यासारखा दिसला.

*

बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी त्यांची शिकवणी सुरू झाली. बेकरीवालीचा हात अजून झोळीत होता, पण तोंडाला झोळी नव्हती.

"आधी रंग ठरवायचा. तपकिरी, काळा, मातकट पांढरा. नवा पांढरा सदरा असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवा, शंभर वर्षांचा दिसतो. मग जाकीट. मग एक पट्टा. मग डोक्यावर काहीतरी. आणि चाकं सगळ्यात शेवटी. नवीन माणूस काय करतो, पहिल्याच दिवशी दिसेल तिथे चाकं चिकटवतो. तसं करायचं नाही. चाक लावलं तर ते काहीतरी फिरवतंय असं वाटलं पाहिजे."

"आणि प्लास्टिकचं असलं तर?"

"आधी काळा रंग मारा. तो वाळला की सोनेरी रंग फडक्यानं नुसता वरवर टिपायचा. पितळ वाटतं." तिने एक खेळण्यातले पिस्तूल दाखवले. बाईंनी हातात घेतले तेव्हा त्याच्या हलकेपणाचेच आश्चर्य वाटले.

"आता सांगा, त्या जगात तुम्ही कोण?"

"म्हणजे?"

"प्रत्येकाला काहीतरी काम असतं. मी हवाई जहाजावरची आचारीण. ढगांत पाव भाजते."

बाईंनी विचार केला. राणी व्हावे, वैमानिक व्हावे, असे त्यांच्या डोक्यात काही येईना. "मी एक्स-रेच काढते की."

"वाफेवर?"

"वाफेवर. माणसाला काचेपुढे उभं करायचं आणि खालून कोळसा घालायचा."

दोघी इतक्या हसल्या की पुढच्या दुकानातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारले.

बाईंनी पिशवीतून कोट काढला तेव्हा बेकरीवाली पुढे वाकली. तिने एका हाताने कापड चाचपले, आतले अस्तर पाहिले.

"कुणाचा?"

"यांचा."

"मग राहू द्या, ताई. आपण दुसरा बघू."

"काय करावं लागेल ते तर सांग."

बेकरीवालीने खडू घेतला आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी खूण केली. "बाह्या काढून याचं बिनबाह्यांचं जाकीट करायचं. उसवल्या तर परत लावता येतात, पण मग खांदे असेच ओघळतील. खांदा आत घ्यायचा तर कापावंच लागेल. कापलं की कापलं. आणि माझा हात असा. कात्री तुम्हालाच चालवावी लागेल."

*

कोट तसाच राहिला. बाकीचे सामान मात्र जमत गेले. सदरा चहात बुडवला, तर तो सुरेख मळला. जुन्या बाजारात मोडकी घड्याळे मिळाली, चामड्याचा पट्टा मिळाला. हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरने भंगारातले रक्तदाब मोजायचे यंत्र दिले. पट्टा फाटलेला, पण काटा आणि तबकडी झकास. छातीवर लावायला त्याहून चांगले काय मिळणार?

चष्म्यासाठी त्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेल्या.

"वेल्डिंगचा चष्मा दाखवा."

"साहेबांचं डोकं केवढं आहे?"

"साहेब नाहीत. माझ्या डोक्याचा द्या."

दुकानदाराने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "वेल्डिंग करणार तुम्ही?"

"नाही. मिरवणार," बाई म्हणाल्या आणि स्वतःच चकित झाल्या. असले उत्तर त्यांच्या तोंडून पूर्वी कधी गेले नव्हते.

घरी हे सगळे पलंगाखालच्या खोक्यात जाई. सासऱ्यांना काही सांगितले नव्हते. काय सांगणार? बेकरीवालीला सांगायला दोन वाक्ये पुरली होती, पण तीच वाक्ये रेडिओच्या आवाजाच्या वर चढून सांगायची म्हटले की जीभ अडखळे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सासरे नेहमीप्रमाणे बागेत गेले. तिथे त्यांचा ठरलेला बाक होता आणि त्यावर ठरलेले म्हातारे. बाईंनी कोट टेबलावर पसरला. खडूची रेघ पुसट झाली होती, ती पुन्हा ओढली. कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पाणी पिऊन आल्या. मग पहिला काप दिला. जाड लोकर कुरकुरत कापली गेली. त्यांना वाटले होते हात थरथरेल, रडू येईल. तसे काही झाले नाही. हात स्थिर होता आणि मनात विचार एवढाच, की रेघेच्या बाहेर जाता कामा नये.

दुसरी बाही निम्मी कापून झाली असताना दाराचे कुलूप वाजले. बागेचे फाटक दुरुस्तीसाठी बंद होते.

सासरे दारात उभे राहिले. टेबलावर कोट, बाजूला एक बाही सपाट पडलेली, सुनेच्या हातात कात्री. त्यांनी हे सगळे पाहिले. बाई उठून उभ्या राहिल्या.

"बाबा, मी सांगणार होते..."

"कात्री जपून धर," सासरे म्हणाले. "बोट कापेल." आणि ते त्यांच्या खोलीत गेले.

त्या संध्याकाळी रेडिओ लागला नाही.

*

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, खरं आहे का हे? दादाचा कोट कापलात?"

"हो."

"कशाला?"

"घालायला."

"घालायला म्हणजे? बाबा म्हणतात पलंगाखाली खोक्यात चष्मे नि चाकं आहेत. वहिनी, तुम्हाला बरं वाटतंय ना? दादाचा कोट कापून सोंग काढणार तुम्ही?"

बाईंना सांगता आले असते. वाफेवरचे जग, ढगांतला पाव, सगळेच. पण 'सोंग' हा शब्द एकदा आल्यावर त्याच्यापुढे बाकीचे सगळे तसेच वाटले असते.

"मी बाबांना घेऊन जाते इकडे," नणंद म्हणाली.

"ते म्हणाले तसं?"

"त्यांनीच सांगितलं, मला न्यायला ये म्हणून."

फोन ठेवून बाई पलंगापाशी आल्या. नवरा गेला तेव्हा सासरे म्हणाले होते, मी इथेच राहतो, तुला सोबत होईल. या माणसाशी त्यांचे कधी फार बोलणे झाले नव्हते. पण रोज कुणीतरी हाडाची चौकशी करत होते. ती सोबत एका कोटापायी चालली होती.

त्यांनी खोका ओढला, तळाशी गुंडाळून ठेवलेल्या बाह्या काढल्या, सुईत दोरा ओवला आणि बाही खांद्याला लावून पाहिली. जमेना. खांदा आत घेतला होता, कापड कमी पडत होते. ओढून टाचले की सुरकुत्या पडत.

"काय करतेस?" सासरे दारात होते.

"बाही परत लावतेय."

"लागतेय?"

"नाही."

"मग कशाला लावतेस?" ते आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"तीन वर्षं तू याला हात लावला नाहीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला बघवत नसेल. म्हणून तू ड्यूटीवर गेलीस की मीच कपाट उघडून बघायचो. कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकायचो."

बाईंनी सुई थांबवली. "गोळ्या तुम्ही टाकायचात?"

"मग कोण टाकणार?"

"मी टाकत होते, बाबा."

सासऱ्यांना ते नीट ऐकू गेले नसावे असे त्यांना वाटले, म्हणून त्या पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "मी पण टाकत होते!"

"तरीच," सासरे म्हणाले. "तरीच त्याचा वास राहिला नाही. नुसता डांबराचा येतो." आणि त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला. हसण्याचा की कसला, ते बाईंना पटकन कळले नाही. मग त्या स्वतःही तसाच आवाज काढू लागल्या तेव्हा कळले, की थोडा हसण्याचाच आहे.

"एक सांगू?" डोळे पुसून बाई म्हणाल्या. आता सांगायचेच तर सगळेच सांगावे, असे त्यांना वाटत होते. "यांना हा कोट आवडायचा नाही. कॉलर टोचायची. तुम्ही हौसेनं शिवलात म्हणून घालायचे."

"माहीत आहे मला."

"यांनी सांगितलं होतं?"

"तो कसला सांगतोय? खिडकीतून दिसायचं. कोपऱ्यापर्यंत अंगात, कोपऱ्यावर गेला की काढून हातावर. संध्याकाळी कोपऱ्यावरच परत अंगात." सासऱ्यांनी कोटाची कॉलर बोटांनी दाबून पाहिली. "मी म्हटलं, असू दे. दोन मिनिटं तरी घालतो ना."

बाईंनी दोरा तोडला. तात्पुरते टाके एकेक करून ओढून काढले आणि बाही मांडीवर ठेवली.

"बाबा, कोटासाठी जाऊ नका. चूक झाली माझी. विचारायला हवं होतं."

"कोटासाठी कोण जातंय? गुडघे गेलेत माझे. हा जिना मला आता होत नाही. वर्ष झालं, ती म्हणतेय इकडे या. मीच टाळत होतो." त्यांनी गुडघा चोळला. "तुला एकटीला टाकून कसा जाऊ? तू अशी गप्प. कामावर जायचं, यायचं. कपाटाला हात नाही. मला वाटायचं, मी गेलो तर ही बोलणार कुणाशी? आणि परवा दार उघडतो तर तू कात्री घेऊन उभी."

"धक्का बसला असेल तुम्हाला."

"बसला ना. एक दिवस फार राग आला. मग दुसऱ्या दिवशी खोका बघितला." ते पलंगाखाली बोट दाखवून म्हणाले, "तो चष्मा मी डोळ्यांना लावून बघितला. काही दिसत नाही त्यातून."

"वेल्डिंगचा आहे, बाबा. काही दिसायचं नसतंच."

"तू कापलास म्हणून मी जात नाहीये, पोरी. तू कापलास म्हणून मला जाता येतंय." गुडघ्यांवर हात ठेवून ते उठले. दाराशी जाऊन वळले. "त्या बाह्यांचं काय करणार आहेस?"

"काही नाही."

"मग मला दे."

दुसऱ्या दिवशी सामान भरताना त्यांनी रेडिओ एका बाहीत घातला. बरोबर बसला. दुसरी घडी करून त्यांनी सदऱ्यांच्या खाली ठेवली. बाईंनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

*

मेळ्याच्या दिवशी नणंद गाडी घेऊन आली होती. वाटेत पंपघर लागते, तिथे थोडा वेळ थांबू आणि मग पुढे जाऊ, असा हट्ट सासऱ्यांनीच धरला होता. नणंदेने तो ऐकला, पण नाखुशीने. मागच्या सीटवर बाई त्यांच्या सगळ्या पोशाखात ताठ बसल्या होत्या. टोपी मांडीवर होती, नाहीतर छताला लागली असती.

पंपघर तांबड्या विटांचे होते, उंच खिडक्यांचे. आवारात माणसे जमली होती. कुणी पाठीवर तांब्याची टाकी बांधली होती, कुणाला चामड्याचे पंख होते, आणि पंच्याहत्तरीचा कॅप्टन चाकाच्या खुर्चीत, खुर्चीलाच सुकाणू लावून बसला होता. त्या गर्दीत बाई उतरल्या आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली. बेकरीवाली धावत आली. झोळी सुटली होती, पण उजवा हात अजून ती जपून हलवत होती. तिने बाईंना एकदा सगळीकडून फिरून पाहिले. जाकिटाचे खांदे नेमके बसले होते. डाव्या काठाची शिवण जरा वाकडी होती.

"ही शिवण?"

"मीच घातलीय."

"कळतंय," ती म्हणाली. "राहू द्या अशीच. छान आहे."

नणंद दोन पावले मागे उभी होती. बेकरीवाली गेल्यावर ती जवळ आली. तिची नजर चष्म्यावर नव्हती, तबकडीवर नव्हती. ती जाकिटाच्या खिशाकडे पाहत होती. खिसा कोटाचा जसा होता तसाच ठेवला होता.

"दादाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या," ती म्हणाली. "मी शाळेतून आले की हात घालायचे."

"एक होती. अस्तराला चिकटून बसली होती. काढली नाही मी."

नणंदेने वहिनीच्या खिशात हात घातला. थोडा वेळ तो तिथेच होता. मग तिने तो काढून घेतला, आणि उगाचच बाईंची कॉलर सारखी केली.

"टोचते का हो?"

"टोचते," बाई म्हणाल्या.

सासरे फाटकाजवळच्या दगडी कठड्यावर बसून सगळे बघत होते. इंजिनाची पहिली शिट्टी झाली तेव्हा ती त्यांनाही ऐकू गेली. ते खूश झाले. पण इंजिनघराकडे जायला लोखंडी पायऱ्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि मान हलवली.

"निघतो आम्ही. अंधार व्हायच्या आत पोचायचं आहे."

बाईंनी त्यांना हात धरून गाडीत बसवले. पट्टा लावून दिला. बाहीतला रेडिओ त्यांच्या पायाशी होता.

"फोन करत जा," सासरे म्हणाले.

"करीन. रोज करीन."

"रोज काय सांगणार आहेस?" ते म्हणाले, आणि मग, काच वर जाता जाता, "काहीतरी सांग."

गाडी वळली आणि झाडांच्या आड गेली. बाई जागेवरच उभ्या होत्या. शेजारून दोन पितळी टोप्या वाद घालत निघून गेल्या. कुणीतरी त्यांच्याकडे बघून आपली टोपी किंचित उचलली, म्हणून त्यांनीही उचलली.

मग त्या लोखंडी पायऱ्या चढून इंजिनघरात गेल्या. आत ऊब होती आणि तेलाचा वास होता. माणसाच्या दुप्पट उंचीचे चाक अजून हळूहळू, दम घेत फिरत होते. बॉयलरपुढे रांग होती. ज्याला हवे त्याला भट्टी सांभाळणारा फायरमन एक फावडे कोळसा टाकू देत होता. बाई रांगेत उभ्या राहिल्या.

"पहिल्यांदाच का?" त्यांचा नंबर आला तेव्हा फायरमनने विचारले.

"पहिल्यांदाच."

"मग दोन्ही हातांनी धरा. दांडा खाली. घाई नाही काही."

त्याने भट्टीचे दार उघडले. तोंडावर झळ आली. बाईंनी फावडे भरले, पाय रोवले आणि कोळसा आत लोटला. जाकिटाला बाह्या नव्हत्या म्हणून हात मोकळे फिरले. आत एक काळा ठिपका पडला, आणि कडेने लाल होत गेला.

मागच्या माणसाने फावड्यासाठी हात पुढे केला. बाईंनी फावडे सोडले नाही.

"अजून एक टाकू का?" त्यांनी विचारले.

फायरमन बाजूला सरकला.